पेट्रोलचा काटा आणि प्रयोग क्रमांक सात

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले दोन-तीन तपशील लिहिताना घातले आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘माझ्या यशाचा प्रवास’. मी त्यांना म्हटलं, प्रवासावर बोलते, पण यशाचं काही सांगता येणार नाही. तेव्हा मी आज आमच्या फियाटच्या पेट्रोलच्या काट्याबद्दल बोलणार आहे. हसू नका. शेवटी विषय शाळेवरच येणार आहे आणि तिथे मला एक कबुली द्यायची आहे.

आमची फियाट तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. बाबा डॉक्टर, त्यामुळे ती गाडी वाईत आमच्यापेक्षा जास्त ओळखली जायची. मेणवली, धोम, बावधन, भुईंज अशा गावांना बाबा रात्री-अपरात्री व्हिजिटला जायचे. तुमच्यातले दोघे-तिघे लहानपणी ताप डोक्यात गेला म्हणून त्याच गाडीच्या मागच्या सीटवर झोपून साताऱ्याला गेलेले आहेत. गाडी १९७० सालची, फियाट ११०० डिलाइट. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. हीच गाडी पुढे प्रीमिअर प्रेसिडेंट झाली आणि मग प्रीमिअर पद्मिनी झाली, जिला आपण सगळे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळखतो. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि पुढे बाकासारखी सलग सीट. बाबांनी ती १९८६ मध्ये सेकंडहँड घेतली.

बाबा जाऊन आता दोन वर्षं झाली. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. भंगारवाला दोनदा येऊन गेला. आईने दोन्ही वेळा त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मग एक दिवस मला पुण्याला फोन करून म्हणाली, “मला एकदा त्या गाडीतून पाचगणीला जायचंय. तुझ्या गाडीतून नको. त्याच गाडीतून.” एवढंच बोलली.

आजकाल अशा गाड्यांना व्हिंटेज म्हणतात. खरे जाणकार १९१९ ते १९३० मधल्याच गाड्यांना तो शब्द लावतात, पण आपल्याकडे २०२१ साली नियम आला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. मी ती चौकशी केली होती. पण तशी नोंदणी केली, की गाडी रॅलीला, प्रदर्शनाला किंवा दुरुस्तीला न्यायची; रोजच्या कामाला किंवा आईला पाचगणी दाखवायला न्यायची नाही. म्हणून आम्ही तो नाद सोडला आणि जुनीच नोंदणी चालू ठेवली.

इंजिन सुरू झालं. ब्रेक, टायर, नळ्या सगळं नवं केलं. एका गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. गाडी नव्या नवरीसारखी दिसायला लागली. राहिला तो फक्त पेट्रोलचा काटा. टाकी गळ्यापर्यंत भरली, तरी काटा पाऊण टाकीच्या अलीकडेच थांबायचा. रात्री दिवे लावले की आणखी खाली. आणि एक दिवस आई शेजारी बसली होती, ती म्हणाली, “तू ब्रेक दाबलास की तो काटा नमस्कार करतो बघ.”

मी बघितलं. खरंच करत होता. ब्रेक दाबला की काटा वाकायचा, सोडला की पुन्हा वर यायचा.

तुम्ही म्हणाल, काट्याचं एवढं काय? टाकी भरून घ्यायची आणि निघायचं. पण आमच्या घरात या काट्याला इतिहास आहे. मी सातवीत असताना बाबांबरोबर पसरणीच्या घाटातून वर चालले होते. काटा पाव टाकी दाखवत होता आणि दत्तमंदिराच्या वरच्या वळणावर गाडी आचके देऊन बंद पडली. टाकी कोरडी. संध्याकाळची वेळ, वर पाचगणीत एक बाळंतीण वाट बघत होती. बाबा मला गाडीत बसवून, मागच्या चाकाला दगड लावून, बॅग घेऊन एका ट्रकमधून पुढे गेले. बाळंतीण सुखरूप सुटली, मीही सुखरूप होते, पण परत आल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली. तेव्हापासून शेवटपर्यंत प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि शेवटच्या रकान्यात ‘काटा’. म्हणजे भरण्याआधी काटा कुठे होता ते. अशा पाच वह्या आहेत. बाबांनी काटा दुरुस्त करून घेतला होता, पण पुन्हा त्याच्यावर एकट्यावर विश्वास म्हणून ठेवला नाही.

तेव्हा आईला घेऊन त्याच घाटातून जायचं, तर हा काटा नीट केल्याशिवाय मी निघणार नव्हते.

माझं काम कॉम्प्युटरमधल्या बिघाडांचं आहे. एखादी मोठी सिस्टिम चुकीचा आकडा दाखवायला लागली, की आकडा चुकीचा आहे, की मोजणारा, की मोजलेलं पोचवणारा, हे शोधायचं. म्हटलं, हेही तसंच. पेट्रोलच्या काट्यात आहे तरी काय? टाकीत एक पोकळ पितळी डबी तरंगत असते, तिला फ्लोट म्हणतात. ती एका तारेच्या दांडीला बसवलेली असते. पेट्रोल खाली-वर झालं की दांडी हलते आणि दांडीचं दुसरं टोक रोधाच्या तारेच्या वेटोळ्यावरून सरकतं. आमच्या गाडीत फ्लोट वर असला की रोध कमी आणि खाली गेला की जास्त. बॅटरीतून वीज निघते, डॅशबोर्डवरच्या मीटरमधून जाते, लांब वायरने मागे टाकीपर्यंत येते, या रोधातून जाते आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाते. रोध कमी असला की जास्त वीज वाहते, काटा वर जातो. रोध वाढला की काटा खाली.

म्हणजे हा आपल्या प्रयोगशाळेतला ऱ्हिओस्टॅट. तोच, ज्याचं सरकतं बटण नेहमी अडकायचं. फक्त इथे ते बटण पेट्रोल सरकवतं.

मी चार भाग पाडले: मीटर, वायर, टाकीतला फ्लोट आणि परतीचा रस्ता, म्हणजे अर्थिंग. पहिली चाचणी सोपी असते. चावी ऑन करून टाकीवरची वायर काढली. रस्ता तुटला, काटा रिकाम्यावर गेला. बरोबर. मग ती वायर क्षणभर गाडीच्या स्वच्छ पत्र्याला टेकवली. रोध नाहीसा झाला, काटा सरसर वर जाऊन पूर्ण भरलेल्या खुणेवर. हेही बरोबर. हे क्षणभरच करायचं, फार वेळ टेकवून ठेवलं तर मीटर जळू शकतं. आणि पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी नको म्हणून वायर टाकीपासून लांब, दुसरीकडे टेकवायची. पाच मिनिटांत मीटर आणि वायर दोन्ही निर्दोष सुटले.

राहिले दोघं, फ्लोट आणि अर्थिंग. मल्टिमीटर लावला. टाकीचा पत्रा आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये एक ओहमपेक्षा कमी रोध. म्हटलं, अर्थिंग उत्तम. मग ब्रेक दाबल्यावर काटा का वाकतो? ब्रेकचा आणि पेट्रोलचा संबंध काय? तीन संध्याकाळ मी त्या डिकीत डोकं घालून बसले. शेवटी आई म्हणाली, “अगं, तुझ्या वर्गातलाच तो आहे ना, नाक्यावर ज्याचं बॅटरी-वायरिंगचं दुकान आहे. बाबा त्याच्याकडेच जायचे. त्याला का बोलवत नाहीस?”

मी का बोलवत नव्हते, ते आता सांगते.

सर, तुम्हाला नववीचा ओहमच्या नियमाचा प्रयोग आठवतो का? साहित्य कमी, मुलं जास्त, म्हणून हजेरीच्या क्रमांकाने गट. मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. पण शेवटी उरलेल्यांचा एक मिश्र गट झाला आणि त्यात मी आणि तो आलो. त्या काळी आपल्या वर्गात मुलं-मुली एकमेकांशी बोलत नसत, हे आता आपल्या मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. आम्ही न बोलता जोडणी केली. व्होल्टमीटर, ॲमीटर, ऱ्हिओस्टॅट, नायक्रोमची तार. वाचनं घ्यायला लागलो. व्होल्टला ॲम्पिअरने भागलं की दरवेळी तोच आकडा यायला हवा. आमचा येत नव्हता. एकदा चार, एकदा पावणेसहा, मग पुन्हा साडेचार. तो वाकून जोडणीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “कुठंतरी लूज हाय.” तो माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मग तो एकेक स्क्रू हाताने चाचपायला लागला.

तास संपत आला होता. माझा पहिला नंबर होता आणि मला तो राखायचा होता. मी शेजारच्या गटाच्या वहीत डोकावले. त्यांचं उत्तर चार होतं. मी घरी जाऊन सगळी वाचनं चारनेच तयार केली. मुद्दाम एखाद्या ठिकाणी तीन पूर्णांक नऊ लिहिलं, खरं वाटावं म्हणून. आलेख काढला, सरळ रेघ, पट्टीने. त्याने मात्र आली ती वाचनं तशीच लिहिली. खाली लिहिलं, ‘जोडणीत दोष असावा, सापडला नाही.’

सर, तुम्ही माझ्या वहीवर ‘उत्तम’ लिहिलंत आणि वर्गात वही उंच धरून दाखवलीत. त्याच्या वहीवर लाल शाईने ‘निष्काळजीपणा’ लिहिलंत. तुमचा दोष नाही. एकाच गटाच्या दोन वह्या, एकीत सरळ रेघ आणि दुसरीत वेडीवाकडी, तर कोणीही हेच समजलं असतं. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाली बसला. कोणालाही काही सांगितलं नाही. मीही नाही.

दहावीनंतर तो एका गॅरेजमध्ये लागला. मी अकरावी सायन्स, मग पुण्याला इंजिनिअरिंग. एका शेऱ्याने कोणाचं आयुष्य ठरतं असं मी म्हणणार नाही, त्याच्या घरची कारणं वेगळी होती. पण त्या वर्गात वीज मला समजत होती असं सगळ्यांना वाटलं, आणि त्याला समजत नाही असं त्याला स्वतःला वाटलं, यात माझा हात होता.

असो. मी फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आधी बाबांच्या फोटोला नमस्कार केला, मग चहा घेतला आणि मग गाडीकडे गेला. मी माझी सगळी मोजमापं त्याला सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, “ब्रेक दाब.”

मी दाबला. तो काट्याकडे बघतच नव्हता, गाडीच्या मागे उभा होता. म्हणाला, “मागचे दिवे मंद लागत्यात. बघितलंस का?”

मी नव्हतं बघितलं. काट्याचा बिघाड म्हणून मी फक्त काट्याकडे बघत होते.

मग त्याने माझाच मल्टिमीटर घेतला, पण तो ओहमवर न ठेवता व्होल्टवर ठेवला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लांब वायरने जोडलं, दुसरं टोक टाकीच्या पत्र्याला. चावी ऑन, ब्रेक सोडलेला: जवळजवळ शून्य. ब्रेक दाबला: सव्वादोन व्होल्ट.

इथे मी कपाळाला हात लावला. गणित आपलं नववीतलंच आहे. ब्रेकचे दोन दिवे प्रत्येकी २१ वॅटचे. दोन्ही मिळून ४२ वॅट, १२ व्होल्टवर साडेतीन ॲम्पिअर. परतीच्या रस्त्यात पाऊण-एक ओहमचा अडथळा असला तर प्रवाह थोडा कमी होऊन तीनच्या आसपास येतो, आणि तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन व्होल्ट. मल्टिमीटर ओहम मोजताना अगदी नावापुरती वीज सोडतो. तेवढ्याला पाऊण ओहम म्हणजे काहीच नाही. पण दिव्यांची वीज त्या रस्त्याने निघाली की तोच अडथळा डोंगर होतो. टाकीचा पत्रा शून्यावर राहण्याऐवजी सव्वादोन व्होल्ट वर उचलला जातो, मीटरमधून जाणारी वीज तेवढी कमी होते आणि काटा वाकतो. काम चालू नसताना घेतलेल्या मापावर मी भरवसा ठेवला होता. पुलावर गाडी नसताना पूल मजबूत आहे म्हणण्यासारखंच ते.

तो म्हणाला, “काटा खोटं बोलत न्हाई गं. त्याला मागनं जे कळतंय, तेच तो सांगतोय.”

डिकीच्या कडेला एका स्क्रूखाली दोन काळ्या वायरी होत्या. एक टाकीचं अर्थिंग, दुसरी मागच्या दिव्यांचं. कधीतरी कोणीतरी सोय म्हणून दोन्ही एकत्र बांधल्या होत्या. आणि आता पेंटिंग करताना स्क्रू काढून, खालचा पत्रा छान रंगवून, वर पुन्हा स्क्रू आवळला होता. रंग म्हणजे वीज अडवणारा थर. स्क्रूच्या आट्यांमधून जेवढी वीज जाईल तेवढीच. आम्ही रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, नवं थिंबल लावलं, दोन वायरींना दोन वेगळ्या जागा दिल्या आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. पुन्हा ब्रेक दाबला. मल्टिमीटरवर व्होल्टचा विसावा भागही नाही. दिवे लखलखीत. काटा ढिम्म.

मी खूश. म्हटलं, झालं! तो म्हणाला, “टाकी फुल्ल हाय का?” मी म्हटलं, गळ्यापर्यंत. “मग काटा पाऊणवरच का?”

खरंच, काटा आता वाकत नव्हता, पण पूर्ण वरही जात नव्हता. एक बिघाड सापडला की दुसरा नाही असं आपण धरून चालतो. हे मी माझ्या हाताखालच्या मुलांना दर आठवड्याला सांगते आणि स्वतः विसरले.

फ्लोट बाहेर काढायचं ठरलं. बॅटरीची वायर काढून ठेवली. टाकीतलं पेट्रोल पत्र्याच्या कॅनमध्ये काढलं. सगळं काम उघड्या अंगणात. आईला सांगितलं, स्वयंपाकघरातला गॅस बंद आणि तुळशीपुढे आज निरांजन नाही. ती म्हणाली, “तुळस समजून घेईल.” टँक युनिटचे स्क्रू काढून ते हळूच तिरकं करत वर घेतलं. वेटोळं स्वच्छ होतं. दांडी हाताने वर-खाली करून मोजलं: वर १२ ओहम, खाली २९०च्या आसपास, मध्ये कुठेही उडी नाही. म्हणजे रोधही निर्दोष.

मग राहिलं काय? मला वाटलं, दांडी कधीतरी किंचित वाकली असेल. मी म्हटलं, “सोपं आहे. दांडीला थोडा बाक देऊ. फ्लोट जरा खाली असला तरी दांडी वरच राहील. भरलेल्या टाकीला काटा बरोबर भरलेल्या खुणेवर येईल.” आणि मी पक्कड उचलली.

तो काही क्षण गप्प होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “नववीत केलंस तसं?”

मित्रांनो, अठ्ठावीसहून जास्त वर्षं झाली होती. मला वाटत होतं तो विसरला असेल. माझ्या हातात पक्कड तशीच राहिली.

त्याने रागाने म्हटलं नाही. त्याने युनिट हातात घेतलं, फ्लोट कानाशी नेला आणि नारळ घेताना हलवून बघतात तसा हलवला. आत पेट्रोल वाजलं. मग तो माझ्या कानाशी धरला. डबीच्या जोडावर केसाएवढी चीर होती. वर्षानुवर्षं त्यातून थेंब थेंब पेट्रोल आत गेलं होतं, त्यामुळे फ्लोट जड झाला होता आणि पाहिजे त्याहून खोल तरंगत होता. म्हणून काटा कमी दाखवत होता.

आता बघा, मी दांडी वाकवली असती तर काय झालं असतं. भरलेल्या टाकीला काटा अगदी बरोबर दिसला असता. पण तो बाक प्रत्येक पातळीला वर ढकलतो. टाकी तळाला आली, फ्लोट खाली टेकायला लागला, तरी काटा थोडं पेट्रोल शिल्लक दाखवत राहिला असता. आजपर्यंत हा काटा कमी दाखवत होता, त्याने कोणी अडकत नाही. मी त्याला जास्त दाखवायला शिकवणार होते. आणि मग आईला घेऊन घाटात. तेच वळण, तीच पाव टाकी.

उत्तर आधी ठरवून वाचनं त्याला जुळवायची, हे मी चौदाव्या वर्षी केलं तेव्हा एका मुलाच्या वहीवर लाल शेरा पडला. चव्वेचाळिसाव्या वर्षी तेच करायला निघाले होते आणि त्याच मुलाने हात धरला.

मी त्याची माफी मागितली. तिथेच, अंगणात, हाताला पेट्रोलचा वास येत असताना. तो म्हणाला, “जाऊ दे गं. पण खरं सांगू? त्या दिवशी सगळे गेल्यावर मी परत प्रयोगशाळेत गेलो होतो. ऱ्हिओस्टॅटच्या शेजारच्या तारेचा स्क्रू हिरवा पडला होता. घासला आणि परत जोडलं. चार आलं बघ.”

तो एकटा पुन्हा गेला होता. दोष शोधून काढला होता. आणि कोणाला सांगितलं नव्हतं, कारण वह्या तपासून झाल्या होत्या.

दुकानातून त्याने एका जुन्या टँक युनिटचा चांगला फ्लोट आणला. आधी तो कोमट पाण्यात बुडवून धरला, बुडबुडा येतो का बघितला. आला नाही. नवीन बुचाची गॅस्केट कापली, युनिट बसवलं. मला वाटलं आता तरी संपलं. तो म्हणाला, “लिटरनं मोजायचं. त्याबिगर न्हाई.”

मग आम्ही टाकीत पाच-पाच लिटर ओतत गेलो. दरवेळी पेट्रोल स्थिर होईपर्यंत थांबायचं, काटा बघायचा, लिहायचं. कुठे लिहायचं? बाबांच्या पाचव्या वहीत बरीच पानं कोरी होती. मी रकाने आखले. काटा सगळीकडे सारख्या अंतराने चढत नाही. टाकीचा आकार वर-खाली सारखा नाही आणि दांडी सरळ न हलता कमानीत हलते. सुरुवातीला पाच लिटर घालूनही काटा जेमतेम हलतो, मध्ये भराभर चढतो. निम्म्या टाकीला तो निम्म्याच्या थोडा वरच असतो. मी आलेख काढला. रेघ वाकडी आली. तशीच ठेवली. खाली लिहिलं: ‘निम्म्याच्या खाली काट्यापेक्षा पेट्रोल कमी समजावे.’ आणि आपल्या प्रयोगवहीत असायचा तसा ‘सहकारी’ म्हणून रकाना केला आणि त्यात त्याचं नाव लिहिलं. नववीच्या वहीत मी तो रकाना कोरा ठेवला होता. परवा माळ्यावर ती वही सापडली, तेव्हा पाहिलं.

पैसे घ्यायला तो तयार नव्हता. “डॉक्टरांनी आमच्या घरून कधी घेतले?” असं म्हणाला. फ्लोटचे आणि गॅस्केटचे तेवढे घेतले.

पुढच्या रविवारी मी आईला घेऊन पसरणीचा घाट चढले. ती सगळा वेळ खिडकीतून धोमच्या पाण्याकडे बघत होती. दत्तमंदिराच्या वरच्या वळणावर मात्र तिने मान वळवून काट्याकडे बघितलं. मीही बघितलं. दोघी काही बोललो नाही. पाचगणीला टेबललँडवर तिने भाजलेलं मक्याचं कणीस खाल्लं आणि म्हणाली, “वहीत लिही हं, किती लागलं ते.”

तो आज इथे आहे. मागच्या रांगेत बसला आहे. त्याचं नाव घेऊ का विचारलं, तर म्हणाला, गोष्ट सांग, नाव नको. तुम्ही सगळे मागे वळून बघताय ते मला दिसतंय, पण मी नाव घेणार नाही.

सर, ही माझी नववीची प्रयोगवही. प्रयोग क्रमांक सात. तुमचा ‘उत्तम’ अजून आहे. तुमच्या परवानगीने मी तो आज खोडते, कारण ती वाचनं मी घेतलेली नव्हती. त्याची वही आता कुठे असेल कोणास ठाऊक, तो म्हणतो रद्दीत गेली. म्हणून माझ्याच वहीत, त्याच पानाखाली मी त्याचं वाक्य लिहून आणलं आहे: ‘जोडणीत दोष असावा, सापडला नाही.’ आणि पुढे, ‘नंतर सापडला.’ त्याखाली तुम्ही आज शेरा द्यावा, अशी विनंती आहे. लाल पेनही आणलं आहे.

आपल्या बॅचतर्फे शाळेच्या प्रयोगशाळेला दहा मल्टिमीटर देतो आहोत, ते संयोजकांनी जाहीर केलंच आहे. माझी आताच्या विज्ञानाच्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे, की एखाद्या मुलाचं वाचन जुळलं नाही आणि त्याने ते तसंच लिहिलं, तर शेरा देण्याआधी त्याच्याबरोबर एकदा स्क्रू चाचपून बघावेत.